परतलेले पक्षी वजा जाता

रॉक आयलंड काउंटी कोर्ट, तळमजला, खिडकी चार.
तिथे मी बसते.
पोरांनी जे मोडलं त्याचे पैसे माझ्याकडे येतात,
ज्यांचं मोडलं त्यांना मी ते पाठवते.
मधे काच. काचेखाली फट,
हात जाईल एवढी.

गोदेलीव्ह क्लास, वय एकोणऐंशी, राहणार मोलीन.
बाप बेल्जियमहून आला नांगराच्या कारखान्यात,
येताना कबुतरांचं वेड घेऊन आला.
शर्यतीची कबुतरं. चारशे मैलांवर सोडली
तरी दिवेलागणीच्या आत ढाबळीत.

जानेवारीतल्या एका रात्री
ब्रेकन स्ट्राउडने, वय चौदा, ढाबळीचं कुलूप तोडलं.
हातात हॉकीची काठी होती.
सोबतचा मुलगा पळाला. हा थांबला.
एकोणीस मेली.
बावीस उडाली, त्या थंडीत, अंधारात,
जेव्हा कबुतर उडत नसतं.

निकालात दर पक्ष्यामागे पंच्याऐंशी डॉलर.
बाईंनी विचारलं, आणि तो निळा?
गारपिटीत सापडून तीन दिवसांनी चालत आलेला, चालत,
त्याचेही पंच्याऐंशीच?
जज म्हणाल्या, रकाना एकच आहे.
मग मुलाच्या वकिलाने एक ओळ घालून घेतली:
परतलेले पक्षी वजा जाता.

फेब्रुवारीत पहिला फोन.
‘एक आलं. वाळ्याचा नंबर घ्या लिहून.’
मी लिहिला, पंच्याऐंशी वजा केले.
मेपर्यंत नऊ झाली.

मुलगा यायचा पहिल्या शुक्रवारी,
गाड्या धुऊन, बाह्या ओल्या,
वीस डॉलर, त्यात पाचेक तरी चिल्लर.
मी म्हणायचे, या महिन्यात दोन आली.
तो विचारायचा, कोणती?
असा प्रश्न कुठल्याच फॉर्मवर नाही.

इथे सगळं भरतात. अर्ज, हप्ता, दंड.
जखमही भरते म्हणे.
तिची पावती मी कधी फाडलेली नाही.

मग वर्षभर काही नाही.
पुढच्या ऑक्टोबरात एका आठवड्यात तीन फोन.
तिसऱ्याचा नंबर मी परत वाचून दाखवला,
कारण तो वाळा माझ्या कपाटात होता,
पुराव्याच्या पिशवीत, बाकी अठरांबरोबर,
आत थोडं काळं वाळलेलं.
बाई पलीकडे गप्प.
मग म्हणाल्या, ‘हो, तेच. जरा थकलंय.
पण खातंय.’

बावीस वर्षं नोकरी केली.
खोटा आकडा इतक्या स्वच्छ अक्षरात
कधी लिहिला नव्हता.

शुक्रवारी मुलगा आला. आवाज फुटलेला,
मनगटं बाह्यांतून बाहेर.
पावती वाचली. पुन्हा वाचली.
‘हे आलेलं नाही.’
बाई म्हणतात, आलं.
‘निळं होतं ते. एक डोळा पांढरा.
सगळी घाबरून भिंतीला लागली,
आणि हे माझ्या खांद्यावर येऊन बसलं.’
मागे रांग होती. कुणाचं तरी बाळ रडत होतं.
‘ते आधी बसलं खांद्यावर,’ तो म्हणाला. ‘मग मी.
परत चढवा ते पैसे.’

मी सांगितलं, कमी केलेली रक्कम
अर्जाशिवाय वाढवता येत नाही,
आणि अर्ज करायचा तो बाईंनी.
सांगताना मी शिक्क्याकडे बघत होते.

तो हलला नाही.
नेहमीचे वीस फटीतून आले.
मग चुरगळलेले आणखी वीस.
हे कशाचे लिहू? मी विचारलं.
त्याने खांदे उडवले,
आणि मधेच थांबवले,
एक थोडा वर राहिला.

वरच्या वीसांना माझ्याकडे खातं नाही.
मी ते साध्या पाकिटात घातले,
आत चिठ्ठी नाही, वर बाईंचा पत्ता,
आणि पाठवणाऱ्याच्या जागी
वाळ्याचा नंबर.
तिकीट माझ्या पैशांचं.

त्यानंतर बाईंचा फोन नाही.
पाकीटही
परत आलेलं नाही.